थिबा राजवाडा : सहलीत मुलांना नेमकं काय दाखवायचं?



दिवाळीची सुट्टी संपली की प्रत्येक शाळेत एकच विषय सुरू होतो, सहल. आमच्या वीर, महाड, पोलादपूर भागातल्या शाळांची यादी ठरलेली असते. रायगड, पाचाड, चवदार तळं, गांधारपाले लेणी, तानाजींचं उमरठ, नाहीतर आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वर. थोडं लांब जायचं ठरलं तर रत्नागिरी. गणपतीपुळे, समुद्र, मत्स्यालय आणि वाटेत "थिबा पॅलेस". त्या शेवटच्या नावाबद्दलच आज लिहायचंय.

बहुतेक सहलींमध्ये थिबा राजवाड्याला अर्धा तास मिळतो. मुलं रांगेने आत जातात, रांगेने बाहेर येतात, पायऱ्यांवर फोटो होतो आणि गाडी सुटते. परत आल्यावर निबंधात वाक्य येतं, "थिबा राजाचा राजवाडा खूप मोठा व सुंदर आहे. तो इंग्रजांनी बांधला." शुद्धलेखन बरोबर असतं, माहितीही चुकीची नसते. तरी माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य लिहून मूल घरी गेलं तर सहल अर्धवट राहिली. त्या इमारतीने मुलाला जे शिकवलं ते खऱ्याच्या उलट आहे. इंग्रज किती मोठ्या मनाचे, हरलेल्या राजालासुद्धा राजवाडा बांधून दिला! हे मुलं बोलून दाखवत नाहीत, पण मनात बसतं. दगडी भिंती आणि उंच छतं आपल्यापेक्षा जास्त परिणामकारक शिक्षक असतात. म्हणून तिथे आपण बोलायला हवं.

हा राजा होता कोण?

थोडक्यात सांगतो, म्हणजे वर्गात सांगायला सोपं जाईल.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा शेवटचा राजा. जन्म १८५९ चा. १८७८ मध्ये गादीवर आला. राजधानी मंडाले. ब्रह्मदेशाचा दक्षिण भाग इंग्रजांनी आधीच्या दोन युद्धांत घेतलेला होता, उत्तरेचा उरला होता. उत्तरेत सागवानाची प्रचंड जंगलं होती. तिथे लाकूडतोडीचा ठेका असलेल्या एका इंग्रज कंपनीला राजाच्या दरबाराने मोठा दंड ठोठावला. तोडलेल्या लाकडाचे पूर्ण पैसे भरले नाहीत असा आरोप होता. इंग्रजांना निमित्त मिळालं. शिवाय राजा फ्रेंचांशी जवळीक करतोय ही भीतीही होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध झालं आणि दोन आठवड्यांतच संपलं. २९ नोव्हेंबरला राजा, त्याची राणी सुपयालत आणि मुली यांना मंडालेतून बाहेर काढून बोटीवर चढवलं. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

आधी त्यांना मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. राजवाडा बांधून पूर्ण झाला १९१० मध्ये. डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला, तिथेच, रत्नागिरीत.

आता हे आकडे मुलांना फळ्यावर मांडू द्या. १८८६ ते १९१६ म्हणजे तीस वर्षं कैद. त्यातली पहिली चोवीस वर्षं सरकारी बंगल्यांत. राजवाड्यात फक्त सहा. म्हणजे ज्या इमारतीला आपण "थिबाचा राजवाडा" म्हणतो तिथे थिबा सहाच वर्षं राहिला, आणि तेव्हा तो राजा नव्हताच. राज्य जाऊन पाव शतक झालं होतं. चौथीच्या मुलाला जमणारी ही वजाबाकी आहे. पण ती केल्यावर "राजवाडा" हा शब्द पहिल्यासारखा राहत नाही.

भिंत कुठे आहे?

मुलं हमखास विचारतात, "सर, कैद होती तर मग गज कुठे आहेत?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायला कोकण रेल्वेसारखं साधन नाही.

आपल्या वीरपर्यंत रूळ आले ते १९९३ मध्ये. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा अगदी पहिला टप्पा. पुढे सगळा मार्ग सुरू व्हायला १९९८ उजाडलं. वीरला गाडीत बसलं की करंजाडी, विन्हेरे, खेड, चिपळूण, संगमेश्वर करत रत्नागिरी येते. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. या वाटेत किती बोगदे लागतात ते मुलांना मोजायला सांगा. उक्शीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तिथे तर मुलं मोजायचं सोडून ओरडतच असतात. मग एवढंच विचारा: हे बोगदे नसते तर? १८८६ मध्ये नव्हतेच. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र. पावसाळ्यात बोटी बंद. घाटातल्या वाटा आपल्याला माहीत आहेतच, आजसुद्धा जुलैमध्ये दरड पडली की आपण अडकतो. म्हणूनच इंग्रजांनी रत्नागिरी निवडली. गजांची गरजच नव्हती. कोकणच तुरुंग होता.

हे कळलं की मुलं आपल्या प्रदेशाकडेही वेगळ्या नजरेने बघतात. भूगोल आणि इतिहास वेगवेगळ्या तासिकांना शिकवायचे विषय आहेत असं आपण धरून चालतो. या एका इमारतीत दोन्ही एकत्र येतात.

राजाला शहराबाहेर जायचं तर परवानगी लागे. देखरेखीला इंग्रज पोलीस अधिकारी असे. तनखा सरकार ठरवेल तेवढा. कमी पडला की सोबत आणलेले दागिने आणि माणकं विकायची. चार मुली होत्या, त्यातली सगळ्यात धाकटी रत्नागिरीतच जन्मली. त्या मोठ्या झाल्या, पण राजघराण्याला चालतील अशी स्थळं रत्नागिरीत कुठून येणार? लग्नाची वयं उलटत गेली. घर तीन मजली असेल, गाड्या असतील, नोकर असतील. पण मुलीचं लग्नसुद्धा सरकारच्या मर्जीशिवाय ठरत नसेल तर त्या घराला काय म्हणायचं? हा प्रश्न सातवीपर्यंतच्या कुठल्याही वर्गात विचारून बघा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचार करून सांगितलं होतं, "सोन्याचा पिंजरा नाही सर, पिंजराच. सोनं पण त्यांचंच विकलेलं."

एक राजवाडा जाळला, एक बांधला

महाड तालुक्यातल्या मुलांना हे समजायला रत्नागिरीपर्यंत जायचीही गरज नाही. रायगड आपल्या अंगणात आहे. चौथीच्या पुस्तकात शिवछत्रपती आहेत. पण राज्याभिषेकाचा धडा झाला की रायगड संपतो. त्या गडावरचा राजवाडा कुठे गेला हे मुलं विचारतात आणि आपण "काळाच्या ओघात पडला" म्हणून मोकळे होतो. काळाच्या ओघात नाही पडला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडाला वेढा घालून तोफा डागल्या, आग लागली आणि वरच्या इमारती जळाल्या. आज आपण जोती बघतो.

मग मुलांसमोर दोन चित्रं ठेवा. रायगडावर त्यांनी राजवाडा जाळला, रत्नागिरीत राजवाडा बांधून दिला. एकाच सत्तेने असं उलटसुलट का केलं? थोडा वेळ दिला तर मुलं स्वतःच सांगतात की उलटसुलट काहीच नाही. जळलेला वाडा असो की बांधलेला, राजा परत उभा राहू नये एवढाच दोन्ही ठिकाणी हेतू होता. ब्रह्मदेशात थिबाला नेल्यावरही लोक कित्येक वर्षं इंग्रजांशी लढत होते. राजा परत गेला असता तर त्या लढ्याला तोंड मिळालं असतं. म्हणून तो जिवंत असताना गेला नाही, आणि मेल्यावरही नाही. राणीला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता. सरकारने नेऊ दिला नाही. १९१९ मध्ये राणी आणि मुली परत गेल्या, राजा इथेच राहिला. समाधी रत्नागिरी शहरातच आहे. बऱ्याच सहली राजवाडा बघतात आणि समाधीकडे न जाताच परततात. मी म्हणतो, वेळ कमी असेल तर राजवाड्यातला वेळ कमी करा, समाधी चुकवू नका.

मंडाले आणि रत्नागिरी

माझ्या मते मुलांच्या मनाला सगळ्यात जास्त भिडणारी गोष्ट ही आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. त्यांचं जन्मस्थान सहलीत आपण दाखवतोच. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि कुठे पाठवलं? मंडालेला. १९१४ पर्यंत ते तिथल्या तुरुंगात होते. 'गीतारहस्य' तिथेच लिहिलं.

म्हणजे त्या सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदेत होता. १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. टिळक तुरुंगात. त्याच वर्षी थिबाची धाकटी राणी रत्नागिरीत वारली. इकडचा माणूस तिकडे, तिकडचा माणूस इकडे, आणि दोन्ही घरांत दुःख.

अशीच आणखी एक अदलाबदल आहे. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर. १८५७ नंतर त्याला रंगूनला नेलं, १८६२ मध्ये तो तिथे वारला, कबरही तिथेच. भारताचा शेवटचा बादशहा ब्रह्मदेशाच्या मातीत, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा भारताच्या मातीत. भिंतीवर आशियाचा नकाशा लावा. एक दोरा दिल्लीहून रंगूनला, एक मंडालेहून रत्नागिरीला, एक मंडालेला टिळकांचा. दोरे एकमेकांना छेदतात तिथे मुलांना साम्राज्य म्हणजे काय ते दिसतं. व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

रत्नागिरीत याच मालिकेतलं आणखी एक नाव आहे. सावरकरांना अंदमानानंतरच्या तुरुंगवासातून सोडलं ते १९२४ मध्ये, जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर. १९३७ पर्यंत ते तिथे स्थानबद्ध होते. एका छोट्या गावाला सरकारने कितीदा आणि कसं वापरलं, हे मोठ्या वर्गांना शोधायला देता येईल.

पुण्याला सहल गेली तर आगाखान पॅलेस दाखवतो ना आपण? तिथेही "पॅलेस"च म्हणतात. पण तिथे कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत, म्हणून कुणी त्याला थाटाची वास्तू समजत नाही. १९४२ ते १९४४ चा तो तुरुंग होता हे मुलांनाही ठाऊक असतं. आगाखान पॅलेसला आपण जो न्याय देतो तोच थिबा राजवाड्याला द्यावा, एवढंच माझं मागणं आहे.

"पण थिबा काही साधुसंत नव्हता"

हा आक्षेप एका शिक्षक मित्राने घेतला आणि तो बरोबर आहे. थिबा गादीवर आल्यानंतर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या अनेक नातेवाईकांना ठार मारलं गेलं. गादीला दुसरा दावेदार उरू नये म्हणून. इंग्रजी वर्तमानपत्रांनी याच गोष्टीचा डंका पिटून युद्धासाठी वातावरण तयार केलं.

मग मुलांना हे सांगायचं की लपवायचं? लहान वर्गांना तपशील नकोत, पण पाचवीच्या पुढे सांगावं असं माझं स्पष्ट मत आहे. थिबाला हिरो करायची गरज नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस चांगलाच असला पाहिजे, अशी अट घातली की आपण फसतो. राजा क्रूर होता म्हणून परक्या देशाने त्याचं राज्य, जंगल आणि माणकं घ्यावीत, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि त्याच्यावर अन्याय झाला म्हणून त्याने केलेल्या हत्या पुसल्या जात नाहीत. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात धरणं मुलांना जड जातं, मोठ्यांनाही जातं. म्हणूनच तर शिकवायचं. उद्या ही मुलं मोबाईलवर येणारा अर्धवट इतिहास वाचणार आहेत. तिथे प्रत्येक जण एकतर देव असतो नाहीतर राक्षस.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो. "सर, पोरं मजा करायला जातात. कशाला रडगाणं?" पालकहो, मजा कमी करायला मी सांगत नाही. समुद्रावर दोन तास खेळू द्या. पण सहलीच्या परवानगी अर्जावर आपण "शैक्षणिक सहल" लिहितो, त्या नावावर एसटीची सवलत घेतो. त्या शब्दाला थोडं तरी जागायला नको का? आणि खरं सांगू का, मुलांना ही गोष्ट रडगाणं वाटत नाही. त्यांना ती गोष्ट वाटते. राजा, राणी, राजकन्या, जहाज, माणकं, सगळं आहे तिच्यात.

राजकन्येची मराठी मुलगी

गोष्टीचा शेवट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि माहितीफलक वाचून तो कळत नाही.

थोरल्या राजकन्येचं राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरावर, गोपाळ सावंत यांच्यावर, प्रेम जडलं. त्यांना मुलगी झाली, टुटू. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात गेलं, पण थोरली राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि तिथेच राहिली. १९४७ मध्ये ती गरिबीत वारली. टुटू रत्नागिरीतच वाढली, तिथेच संसार केला, मराठीच बोलायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखीच कष्टाचं आयुष्य जगली आणि २००० मध्ये वारली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात कोकणातली एक साधी मराठी बाई झाली होती.

ही गोष्ट सांगताना "अरेरे, राजकन्येची काय दशा" एवढ्यावर थांबू नका. आणखी एक बाजू आहे. साम्राज्याने त्या कुटुंबाला इथे आणून टाकलं आणि विसरून गेलं. पण रत्नागिरीच्या वाडीवस्तीने टुटूला परकी मानलं नाही. सरकारने दिलेल्या राजवाड्यात जे मिळालं नाही ते साध्या आळीत मिळालं. आपल्या शाळांत आज ऊसतोडीहून, वीटभट्टीवरून, परराज्यातून आलेल्या कामगारांची मुलं बसतात. मराठी धड येत नाही म्हणून कोपऱ्यात बसतात. त्यांच्याबद्दल वर्गाशी बोलायला टुटूच्या गोष्टीइतकी चांगली सुरुवात मला दुसरी माहीत नाही.

वर्गात काय करता येईल

शिक्षकांसाठी काही साध्या गोष्टी सुचवतो. खर्च नाही, वेळही फार नाही.

सहलीच्या आधी एक तासिका द्या. नकाशा, दोरे आणि ती वजाबाकी. तेवढं पुरतं.

राजवाड्याच्या दारात मुलांना तीन प्रश्न द्या. हे कोणी बांधलं? कोणासाठी बांधलं? आतल्या माणसाला मनात येईल तेव्हा या दारातून बाहेर जाता येत होतं का? आत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते बघताना प्रश्न मनात राहू द्या. लिहून घ्यायची घाई नको.

वरच्या मजल्यावर किंवा जवळच्या थिबा पॉइंटवर मुलांना पाच मिनिटं गप्प उभं करा. तिथून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. काहीही सांगू नका. फक्त म्हणा, "तीस वर्षं हाच समुद्र. पलीकडे जायला परवानगी नाही."

परत आल्यावर "मी पाहिलेला राजवाडा" असा निबंध देऊ नका. तो विषयच मुलांना एका बाजूला ढकलतो. त्याऐवजी पाटी लिहायला द्या. "या इमारतीच्या दारावर दोन ओळींची पाटी लावायची आहे, तुम्ही काय लिहाल?" दोन ओळींत लिहायचं म्हटलं की मुलांना शब्द निवडावा लागतो. राजवाडा, बंगला, तुरुंग, घर. कुठला शब्द निवडला आणि का, यावर एक तास सहज जातो.

पालकांनाही एक सांगणं आहे. मुलगा घरी आल्यावर "काय काय बघितलंस?" एवढंच विचारू नका. "तिथे कोण राहायचं, आणि त्याला तिथे राहायचं होतं का?" असं विचारून बघा.

इंग्रज गेले, इमारती राहिल्या. महाबळेश्वरला, माथेरानला, मुंबईत, रत्नागिरीत. त्या पाडा असं मी म्हणत नाही, उलट नीट जपाव्यात. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले होते. त्यांच्या देशासाठी ती जागा केवढी मोठी आहे ते त्यातून कळतं. परदेशातून माणसं ज्या जागेपुढे मान खाली घालायला येतात, तिथून आपली मुलं नुसता ग्रुप फोटो घेऊन परत येऊ नयेत. यंदा तुमच्या शाळेची सहल रत्नागिरीला जाणार असेल तर मुलांनी लिहिलेल्या पाट्या मला जरूर कळवा. आमच्या वर्गाच्या पाट्यांशेजारी भिंतीवर लावू.